डबा रिकामा परत यावा: ओट्सच्या नाश्त्याच्या नोंदी

४ नोव्हेंबर

काम असं ठरवलं आहे: मी घरोघरी पाठवते त्या नाश्त्याच्या डब्यातून जाणारे ओट्स लोकांनी आवडीनं खावेत.

माझ्याकडून ओट्स घेणारी मंडळी बहुतेक साठीपुढची आहेत. रामबागेतल्या काकू, लोकमान्य नगरातले आजोबा, आमच्या सुदामा नगरातलं एक जोडपं, आणखी काही घरं. मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला. रक्ताची तपासणी झाली, कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी सकाळी ओट्स खायला सांगितले. त्याआधी याच घरांना मी पोहे, सांजा, थालीपीठ पाठवायचे तेव्हा डबे चाटूनपुसून रिकामे यायचे. ओट्सचा डबा निम्मा भरलेला परत येतो.

जन्मभर इंदुरात पोहे-जिलबीनं सकाळ सुरू केलेल्या माणसापुढे उतारवयात पांढरा लगदा ठेवायचा आणि 'तब्येतीसाठी आहे' म्हणायचं, हे मला पटत नाही. पथ्याचा असला तरी तो नाश्ताच आहे. त्याला वास हवा, दाताखाली काहीतरी यायला हवं, आणि दोन घास जास्त खावेसे वाटायला हवेत. औषध म्हणून दिलेलं अन्न माणूस थोडे दिवस नेटानं खातो, मग टाळायला लागतो. टाळलं की डॉक्टरांच्या सांगण्याचाही उपयोग राहत नाही.

मोजमाप साधं ठेवते. परत आलेल्या डब्यात किती उरलं ते काट्यावर तोलायचं आणि वहीत लिहायचं. तोंडी अभिप्रायही घेईन, पण भिडेखातर लोक चांगलंच बोलतात, म्हणून भरवसा वजनावर.

६ नोव्हेंबर

सामान आणलं. सियागंजात आता ओट्स सहज मिळतात, पाकिटातलेही आणि सुटेही. तीन प्रकार घेतले.

पहिला, झटपट शिजणारा पातळ पोह्याचा (ओट्सच्या लाटलेल्या दाण्यालाच मी पोहा म्हणते). यात दाणा आधी तोडतात, मग वाफवून अगदी पातळ लाटतात. दुसरा, जाड पोह्याचा, ज्यावर 'रोल्ड' लिहिलेलं असतं. यात टरफल काढलेला अख्खा दाणा वाफवून लाटतात. तिसरा, नुसता तोडलेला दाणा, 'स्टील कट'. तो दिसायला आपल्या दलियासारखा असतो आणि शिजायला पंचवीस-तीस मिनिटं घेतो.

सुटे ओट्स एका दुकानात हातावर घेऊन चोळले तर शिळ्या तेलाचा वास आला. ते घेतले नाहीत. ओट्समध्ये इतर धान्यांपेक्षा स्निग्धांश जास्त असतो, शंभर ग्रॅमला सातएक ग्रॅम. दाण्यातच स्निग्धांश फोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. ते निष्क्रिय करायला गिरणीत दाणा वाफवून कोरडा भाजतात. ओट्सचा तो मंद खमंग वास तिथंच येतो. पुढे डबा उघडा राहिला किंवा माल जुना झाला की स्निग्धांश खवट होतो आणि कडसर चव येते. कडसर ओट्सवर कितीही साखर घातली तरी चव सुधारत नाही. आजपासून लहान पाकिटं घ्यायची आणि उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची.

९ नोव्हेंबर

आज फक्त चिकटपणाकडे लक्ष दिलं. सगळ्यांची तक्रार तीच आहे. काकू म्हणाल्या, "अगं, गिळगिळीत लागतं. घशाखाली आपोआप जातं, खाल्ल्यासारखं वाटतच नाही."

ओट्समध्ये पाणी धरून ठेवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक पिष्ट, जे साठ अंशांच्या आसपास फुगायला लागतं आणि ढवळलं की फुटून पाण्यात उतरतं. दुसरा बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू. तो दाण्याच्या पेशींच्या भिंतींत असतो आणि पाण्यात सुटला की बुळबुळीतपणा येतो. म्हणजे किती पाणी, किती उष्णता, किती वेळ आणि किती ढवळणं यावरच सगळं ठरतं.

चाळीस ग्रॅम झटपट ओट्स गार पाण्यात घालून ढवळत ढवळत शिजवले. दुसऱ्या पातेल्यात तेवढेच ओट्स उकळत्या पाण्यात घातले, एकदा हलवले, गॅस मंद केला आणि झाकण ठेवलं. पहिल्यात खळ तयार झाली. दुसऱ्यात पोहा वेगळा ओळखू येत होता, आणि चवही जास्त स्वच्छ होती. गार पाण्यातून सुरुवात केली की पिष्टाला आणि तंतूला सुटायला भरपूर वेळ मिळतो. मऊ, सायीसारखी लापशी हवी असेल तर ती रीत बरोबर आहे. माझ्या माणसांना ती नको आहे.

मग दोन्ही डबे तासभर बंद ठेवले. सकाळी साडेसातला भरलेला डबा राजवाड्याकडची फेरी करून लोकमान्य नगरात पोचेपर्यंत साडेआठ होतात, म्हणून तासाचं माप. उघडले तेव्हा पहिला चमच्यानं कापता येईल इतका घट्ट बसला होता. पिष्ट गार होताना पुन्हा आवळून बसतं. लोकांसमोर गेले कित्येक आठवडे हेच जात होतं. पातेल्यातून गरम उतरवून चाखलं तर दोष कळणारच नाही. यापुढे कुठलाही प्रयोग तासभर डब्यात राहिल्याशिवाय चाखायचा नाही.

१३ नोव्हेंबर

भाजणं. यावर जास्त लिहिते, कारण फरक मोठा आहे.

आपण रवा न भाजता उपमा करत नाही, शेवया न भाजता खीर करत नाही, आणि ओट्स मात्र पाकिटातून थेट पाण्यात टाकतो, कारण पाकिटावर तसं छापलेलं असतं. जाड बुडाच्या कढईत, मध्यम आचेवर, कोरडेच भाजायला घेतले. तीन मिनिटांनी काही नाही. पाचव्या मिनिटाला वास बदलला, कडा किंचित तांबूस झाल्या. तिथं गॅस बंद केला आणि एक चहाचा चमचा साजूक तूप सोडून परतलं. तूप पोह्याला बाहेरून लागतं, त्यामुळे पाणी आत हळूहळू शिरतं आणि पोहा मोडत नाही.

भाजलेले आणि न भाजलेले शेजारी शेजारी शिजवून घरात सगळ्यांना डोळे मिटून खायला दिले. भाच्यानं, जो रोज डबे पोचवतो आणि ओट्सच्या वाटेला जात नाही, भाजलेली वाटी संपवली.

पातळ ओट्स भाजले तर मधेच करपतात, ते इतके पातळ असतात. जाड पोह्याचे ओट्सच भाजायचे, हे आज पक्कं झालं.

मीठही शिजतानाच पाण्यात घालायला सुरुवात केली, गोड प्रकारातसुद्धा चिमूटभर. स्कॉटलंडमध्ये कारब्रिज नावाच्या गावात १९९४ पासून ओट्सच्या लापशीची जागतिक स्पर्धा भरते. तिच्या मुख्य गटात ओट्स, पाणी आणि मीठ एवढं तीनच वस्तूंनी शिजवायचं असतं. बक्षीस म्हणून सोनेरी 'स्पर्टल' देतात. ते म्हणजे तिकडे लापशी ढवळायची लाकडी दांडी. तिथं दूध-साखर नसताना परीक्षक चवीचा निवाडा करतात, यावरूनच कळतं की धान्याला स्वतःची चव आहे आणि ती मिठानं उठते. ती चव आम्ही आजवर समोर येऊच दिली नाही.

१८ नोव्हेंबर

काकूंनी आज चांगला प्रश्न विचारला. "चिकटपणा काढलास तर गुणही जाणार नाही ना? तो चिकटपणाच औषधी असतो म्हणे."

प्रश्न रास्त आहे. कोलेस्टेरॉलसाठी ओट्स सांगतात ते बीटा-ग्लुकनमुळे. तो आतड्यात दाटपणा आणतो, पित्ताम्लं अडकवून शरीराबाहेर नेतो, मग यकृताला नवी पित्ताम्लं करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ साली ओट्सच्या पाकिटांवर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली, तीही या तंतूच्या बळावर, आणि त्यासाठी दिवसाला तीन ग्रॅमचं प्रमाण धरलं. जाड ओट्समध्ये तो साधारण चार टक्के असतो. म्हणजे चाळीस ग्रॅमच्या वाटीत दीड ग्रॅमच्या आसपास. तीन ग्रॅमसाठी पाऊणशे ग्रॅम कोरडे ओट्स पोटात जायला हवेत.

यातून दोन गोष्टी ठरल्या. एक, तंतू ताटात सुटला नाही म्हणून नाहीसा होत नाही, तो दाण्यातच असतो आणि पोटात जातो. भाजल्यानंही तो जळून जात नाही. दोन, ओट्स भिजवून ते पाणी फेकायचं नाही. चिकटपणा घालवायला ओट्स चाळणीत धरून नळाखाली धुण्याची युक्ती बरेच जण सांगतात. पोह्यांना ती चालते. ओट्सच्या बाबतीत त्या पाण्याबरोबर विरघळलेला तंतू मोरीत जातो. जेवढं पाणी घालायचं तेवढं सगळं दाण्यात जिरलं पाहिजे.

आणि निम्मा डबा परत येतो तेव्हा माणसाला पाऊण ग्रॅमच मिळतो. तेव्हा चव हा वरवरचा लाड नाही. किती कोलेस्टेरॉल उतरेल ते डॉक्टर बघतील, ओट्स पोटात जातील एवढं माझ्या हातात आहे.

२४ नोव्हेंबर

काल रात्री बहिणीबरोबर सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेले होते. थंडी पडली की गराडू खायला जायचं, हे घरात वर्षानुवर्षं चालत आलं आहे. गराडू म्हणजे तळलेला कंद. कढईतून काढलेला गराडू, वर जिरावन (आमचा इंदुरी चटपटा मसाला), वर लिंबू. नुसता गराडू खाऊन बघितला: पिठूळ, जवळजवळ बेचव. जिरावन आणि लिंबू पडलं की तोच गराडू सोडवत नाही. शेजारी साबुदाण्याची खिचडी. ती लोक समोर कालवून देतात, मसाला, शेव, लिंबू सगळं शेवटच्या क्षणी. पलीकडे भुट्ट्याचा कीस.

तिथं उभ्याउभ्याच लक्षात आलं की इंदूरचं सगळं आवडतं खाणं याच घडणीचं आहे. पोहे, साबुदाणा, गराडू, मका, सगळ्यांचं बूड फिकं आणि पिठूळ. त्यावर आंबट, खारट, तिखट, कुरकुरीत असं काहीतरी अगदी शेवटी येतं, शिजत नाही, कालवून मुरतही नाही. घासाघासाला चव बदलते. ओट्स यांच्याच पंगतीतले आहेत. आम्ही त्यांना दुधात बुडवून आजाऱ्याच्या ताटात बसवलं.

आणि चिकटपणाचं उत्तरही तिथंच होतं. साबुदाण्याइतकं चिकट काही नसतं, तरी आपल्या घराघरांत खिचडी मोकळी होते. पाणी साबुदाण्याच्या वर येऊ देत नाही, भिजायला वेळ देतो, दाण्याचा कूट लावतो, म्हणजे सुटलेलं पिष्ट कूट शोषून घेतो आणि दाणे एकमेकांना धरत नाहीत. शिजवताना वाफेवर भिस्त ठेवतो, उलथणं कमीत कमी फिरवतो. हे सगळं ओट्सला जसंच्या तसं लागू करून बघायचं.

पोहेवाल्याकडेही सकाळी थांबले. त्याची पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर असते. पोहे तासन्‌तास गरम आणि मऊ राहतात ते त्या वाफेवर, आचेवर नाही. फोडणीत मोहरीबरोबर बडीशेप. कांदा कच्चा, वरून.

२८ नोव्हेंबर

इंदुरी पद्धतीचे ओट्स, पहिली घाणी.

साठ ग्रॅम जाड ओट्स भाजून घेतले. ताटात पसरून पाण्याचा हबका मारला, तीन मोठे चमचे पाणी, त्यातच मीठ, चिमूट साखर आणि हळद. दहा मिनिटं झाकून ठेवले. हाताला ओलसर, पण पोहा मोडत नाही. मग छोट्या कढईत दोन चहाचे चमचे तेल, मोहरी, बडीशेप, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची. फोडणी ओट्सवर ओतून हातानंच हलकं कालवलं आणि मोदकपात्राच्या चाळणीत स्वच्छ कापड घालून वाफवायला ठेवलं. आठ मिनिटांनी उघडलं. मोकळे होते! पण मधोमध थोडे कोरडे, घशाला लागणारे.

दुपारी पुन्हा केले. वाफेच्या मध्यावर झाकण काढून आणखी एक मोठा चमचा पाण्याचा हबका मारला आणि मूठभर ताजे मटार टाकले. हे जमले. मऊ, पण चावावे लागतात. साठ ग्रॅम ओट्सला एकूण साठएक मिलिलिटर पाणी, हे प्रमाण हाताशी लागलं. लापशीत याच ओट्सना मी चौपट-पाचपट पाणी घालत होते.

झटपट ओट्सचे याच रीतीनं केले तर हबक्यालाच त्यांचा गोळा होतो. ते या कामाचे नाहीत.

३ डिसेंबर

इंदुरी ओट्स आता डब्यात. चव जमली, प्रवास जमवायचा होता.

वाफाळते ओट्स भरून लगेच झाकण लावलं की झाकणाला पाणी जमतं, ते खाली ठिबकतं आणि वरचा थर ओला होतो. आता भरल्यावर दोन-तीन मिनिटं डबा उघडा ठेवायचा, पहिली वाफ जाऊ द्यायची, मग झाकण. वर घालायचं सामान वेगळ्या डबीत: बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे, लिंबाची फोड. शेव कागदाच्या पुडीत, एक चमचाच. शेव तळलेली आहे, ती पथ्याच्या डब्यात किती जावी यावर मी कडक आहे, पण ती अजिबात न देणं मला मान्य नाही. त्या एका चमच्याच्या कुरकुरीतपणावर बाकीचे साठ ग्रॅम ओट्स खाल्ले जातात.

डबीसोबत चिठ्ठी: "खाताना वरून घाला, आधी कालवून ठेवू नका."

परत आलेले डबे तोलले. रामबाग: रिकामा. जोडपं: दोन्ही रिकामे. आजोबा: निम्मा उरला. त्यांच्याकडे उद्या स्वतः जाते.

४ डिसेंबर

आजोबांची अडचण वेगळीच निघाली. त्यांना कवळी आहे. डाळिंबाच्या बिया खाली अडकतात, शेव टोचते. "चव फार सुंदर आहे हो ताई, पण खायला वेळ लागतो आणि मग गार होतं," असं म्हणाले. मला वाटत होतं सगळ्यांना दाताखाली काहीतरी हवं असतं. ज्याला दात नाहीत त्याला ती मौज दुसऱ्या वाटेनं द्यायला हवी.

त्यांच्यासाठी शेवेऐवजी भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट, डाळिंबाऐवजी किसलेला आवळा. ओट्स वाफवताना दुधाचा हबका, म्हणजे जास्त मऊ. कांदा न देता कोथिंबीर आणि ओलं खोबरं. कुटानं साबुदाण्याचं काम इथंही केलं: तासाभरानं डबा उघडला तर ओट्स एकमेकांना अजिबात धरून नव्हते. हा कूट आता सगळ्यांच्याच डब्यात जाईल.

८ डिसेंबर

जिरावन. आमच्या यादीत रक्तदाबाचे लोक आहेत आणि बाजारच्या जिरावनात काळं मीठ आणि साधं मीठ दोन्ही सढळ असतं. तेव्हा घरचं करायला घेतलं.

धने, जिरं, बडीशेप, मिरं, लवंग, दालचिनी, तेजपान, मोठी वेलची मंद आचेवर वेगवेगळं भाजलं. सुंठ, जायफळाचा कीस, हिंग, हळद, लाल तिखट, आमचूर वर. मीठ नेहमीच्या निम्मं, आणि त्याची भरपाई जास्त आमचूर आणि जास्त भाजलेल्या जिऱ्यानं. आंबटपणा पुरेसा असला की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही, हे लोणचं न खाणाऱ्या प्रत्येक घरात लिंबू पिळून खाणाऱ्यांना माहीत असतं. काळं मीठ अगदी काढून टाकता येत नाही. त्याच्या वासाशिवाय ते जिरावन होतच नाही. ते नखभर ठेवलं.

काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे कुठल्या दुकानाचं?"

१४ डिसेंबर

गोड प्रकार. रोज तिखट नको, आठवड्यातून दोन दिवस गोड द्यायचं ठरवलं आहे. जोडप्यातल्या काकांना मधुमेह आहे, त्यामुळे त्यांच्या घरी गोडवा फळाचाच.

ओट्स दुधात शिजवणं बंद केलं. दूध दाट होत जातं, बुडाला लागतं, आणि डब्यात गेल्यावर सगळं मिळून आळतं. भाजलेले ओट्स उकळत्या पाण्यात, दुप्पट पाण्यावर, चिमूट मीठ घालून झाकून शिजवायचे आणि जरा घट्टच ठेवायचे. गरम दूध छोट्या थर्मासमध्ये वेगळं. खाणारा हवं तितकं ओततो, सरसरीत करतो. गूळ घालायचा तर ओट्समध्ये, गॅस बंद करून. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटतं.

वर काय घालायचं हा भाग आनंदाचा आहे. भाजलेली चारोळी, जायफळाचा चिमूटभर कीस, दोन खजूर बारीक चिरून. मधुमेही काकांसाठी पेरू: पिकलेला पण कडक, त्याच्या बारीक फोडी आणि वर जिरावनाची अगदी चिमूट. कागदावर हे विचित्र वाटतं. पण इंदुरात पेरूवर जिरावन टाकूनच खातात, मग खाली ओट्स असले तर काय बिघडलं. काकांचा निरोप आला की सोमवारीही हेच चालेल.

२० डिसेंबर

भुट्ट्याच्या किसाच्या धर्तीवर. किसात तूप, हिंग, मोहरी, मिरची आणि मग दूध असतं, तरी तो तिखट पदार्थ आहे. दूध आलं की गोडच, हा नियम इंदूरनं कधी पाळलेला नाही. त्यामुळे ज्यांना ओट्स दुधात हवे पण साखर नको त्यांच्यासाठी ही वाट सरळ आहे.

दोन वाट्या मक्याचा कीस तुपावर परतला, एक वाटी भाजून हातानं चुरलेले ओट्स घातले, पाऊण वाटी दूध, झाकण, मंद आच. दूध आटलं की खोबरं, कोथिंबीर. लिंबू ताटातच पिळायचं. या दिवसांत देशी भुट्टा नसतो, गोड मका मिळतो. तो जास्त पाणी सोडतो, म्हणून दूध थोडं कमी घालावं. आजोबांचा डबा पहिल्यांदा रिकामा आला. वजन शून्य.

देशी भुट्टा आला की पावसाळ्यात हे पुन्हा करायचं. तेव्हाची चव याहून वरची असणार.

२७ डिसेंबर

ओट्सचं पीठ भाजणीत मिसळून थालीपीठ केलं. बरं झालं. तेल बरंच लागतं आणि एका थालीपिठात ओट्स जेमतेम पंधरा ग्रॅम जातात. या कामासाठी घेणार नाही.

५ जानेवारी

दोन महिन्यांच्या वहीवरून नजर फिरवली. लापशीच्या दिवसांत प्रत्येक डब्यात उरलेलं वजन लिहिलेलं आहे, आता तो रकाना बहुतेक दिवस कोरा. एक घर मात्र अजून निम्मं परत पाठवतं. त्यांना वास न येणारे, मऊ, दुधातले, अगदी साधे ओट्सच हवे असतात आणि तेही थोडेच. आजींना मसाल्याचा वास सोसत नाही. त्यांच्यासाठी जुनी रीत, फक्त ओट्स भाजून आणि दूध वेगळं. त्यांच्या डब्यात ओट्स कमीच भरायचे, म्हणजे उरलेलं परत पाठवताना त्यांना संकोच वाटणार नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. भाजलेले तीळ, शेंगदाण्याचा कूट आणि थोडा गूळ घालून ओट्स दिले. काकूंनी डब्यातून तिळाच्या वड्या परत पाठवल्या.

२२ जानेवारी

काकूंच्या मुलीचा पुण्याहून फोन. आई फोनवर नाश्त्याचं कौतुक करते, तर तिलाही घरी करायचे आहेत. सकाळी ऑफिसची घाई, चाळणी आणि कापडाला वेळ नाही.

तिला अशी रीत सांगितली. रविवारी आठवड्याचे जाड ओट्स एकदम भाजून गार करून डब्यात भरून ठेव. तूप तेव्हा घालू नकोस, रोजचं रोज घाल. सकाळी अंघोळीला जाण्याआधी वाटीभर ओट्सवर पाण्याचा हबका मारून झाकून ठेव. आलीस की फोडणी कर, ओट्स घाल, गॅस अगदी मंद, वरच्या झाकणावर पाणी ठेव आणि चार-पाच मिनिटं उलथणं लावू नकोस. कूट शेवटी. बाकी सगळं ताटात. ती म्हणाली, "ताई, जिरावन इथं मिळत नाही." काकू पुढच्या आठवड्यात पुण्याला जाणार आहेत, त्यांच्याबरोबर एक बरणी देते.

२९ जानेवारी

मार्चपासून इंदुरात ऊन चढतं आणि सकाळी गरम खाणं नको होतं. दहीपोह्यांच्या रीतीनं सुरुवात केली: भाजलेले ओट्स रात्रीच पातळ ताकात भिजवून फ्रीजमध्ये, सकाळी गोड दही, किसलेली काकडी, जिरं-मिरचीची तुपातली फोडणी. न शिजवता भिजल्यानं पोहा छान चावता येतो. रात्रभरात ताकाचा आंबटपणा मात्र वाढतो. उद्या ताकाऐवजी दूध, आणि दही सकाळी. तासभर डब्यात ठेवून मगच चाखायचं.